घरचं रेकॉर्डिंग किती साफ करावं? (बोलणं, पेटी, तंबोरा : नवशिक्यांसाठी)

येरळाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या भजनी मंडळातली जुनी गाणारी माणसं आता मोजकी राहिलीत. त्यांच्या गप्पा आणि एकदोन अभंग, असा साधारण पंचवीस मिनिटांचा भाग करून एक ऑडिओ मालिका काढायचं मनात आहे. रेकॉर्डिंग काही देवळाच्या सभामंडपात झालंय, काही एका घराच्या सोप्यात. यूएसबी माईक लॅपटॉपला लावला होता, बुवांच्या जवळ एक फोनही चालू ठेवला होता. एडिटिंग ऑडॅसिटीवर करतेय, कारण ते फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं.

अडचणी अशा: मागे पंख्याची घरघर आहे, इन्व्हर्टर चालू असताना बारीक गुणगुण येते, बुवा मध्येच खोकतात, थांबतात, "आं... काय म्हणत होतो" म्हणतात. कुठलं काम आधी करायचं, कुठलं नंतर? आणि बोलण्याखाली पेटी किंवा तंबोरा ठेवायचा तर आवाज किती?

माझं मत सध्या असं आहे की ऐकणाऱ्याला फक्त माणूस ऐकू यावा, बाकी सगळं काढून टाकावं. जाणकारांनी सांगा.

विश्रामबाग
क्रम आधी सांगतो.
मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. काम कायम प्रतीवर. मग मोठी काटछाट, म्हणजे जे नकोच आहे ते बाहेर. त्यानंतर घरघर कमी करणं, मग 80 हर्ट्झच्या खालचं हाय-पास फिल्टरने कापणं, मग इक्वलायझर (जाडबारीक स्वर कमीजास्त करायला), मग कॉम्प्रेसर, आणि सगळ्यात शेवटी एकूण लेव्हल.
घरघर कॉम्प्रेसरच्या आधी काढायची, कारण कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि नंतर आपण सगळंच वर उचलतो. त्यात पंखापण वर येतो.

माणदेशी_पोरगं
ताई, पंखा बंद करून रेकॉर्ड करा की! पंख्याला बटण असतंय. 🙂

येरळाकाठ
@माणदेशी_पोरगं एप्रिलमध्ये, दुपारी दोनला, पत्र्याखाली ऐंशीच्या घरातले बुवा. पंखा बंद करा म्हणायचं धाडस तुम्ही करून दाखवा.

माणदेशी_पोरगं
व्हय, तेबी खरंच. मग पहाटं काकड्याच्या येळंला जावा. गारवा असतोय आन् बुवांचा गळाबी मोकळा असतोय.

तंबोरा
मी मिरजेचा. सतारमेकर गल्लीत आमचं जाणं-येणं लहानपणापासून आहे, त्यामुळे तुमच्या शेवटच्या वाक्याला थोडा विरोध नोंदवतो. बोलण्यापुरतं "बाकी सगळं काढून टाका" चालेल. गाण्याला ते लावलंत तर गाणं मरेल.

कारण समजून घ्या. ऑडॅसिटीचं नॉइज रिडक्शन काय करतं? आधी तुम्ही त्याला फक्त घरघर असलेला तुकडा ऐकवता. त्यावरून ते कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज सतत चालू आहे याचं चित्र बनवतं आणि मग सगळ्या फाइलभर त्या त्या पट्ट्यात त्या पातळीच्या खाली जे असेल ते दाबतं. म्हणजे त्याच्या लेखी सतत आणि हळू आवाजात चालणारं ते नको असलेलं. आता तंबोरा काय करतो? सतत आणि हळू चालतो. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जी जवारी (तारेची झणझण) उघडतात, तिच्यातून षड्जाच्या वरचे बारीक स्वर एकामागून एक फुलतात. ते मूळ तारेपेक्षा कितीतरी क्षीण असतात. पंख्याच्या आवाजाशी त्यांची पातळी मिळतीजुळती असते, म्हणून पहिला घाव त्यांच्यावर पडतो. उरतो तो नुसता टणत्कार.

मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या जवारीसाठी कारागीर तासन् तास घोडी घासत बसतो ती आपण एका क्लिकमध्ये पुसून टाकायची, हे मला बघवत नाही. पेटीचंही तेच. भात्याचा श्वास थोडा राहू द्या, तो वाद्याचाच भाग आहे.

तेव्हा बोलण्याचा ट्रॅक आणि गाण्याचा ट्रॅक वेगळे करा. बोलण्यावर हलकं नॉइज रिडक्शन, गाण्यावर शक्यतो काहीच नाही. फार तर हाय-पास, तोही पखवाजाच्या धुमाला धक्का लागणार नाही असा खाली, 40 हर्ट्झच्या आसपास.

येरळाकाठ
@तंबोरा हे माहीतच नव्हतं, मनापासून आभार. हलकं म्हणजे किती?

विश्रामबाग
आकड्यात सांगतो. 6 डेसिबलपासून सुरू करा. त्या खिडकीत "रेसिड्यू" म्हणून पर्याय असतो, तो निवडून प्रिव्ह्यू ऐका. काय काढलं जाणार आहे तेवढंच वाजतं. त्यात नुसती घरघर ऐकू आली तर ठीक. बुवांचे शब्द पुसट का होईना ओळखू यायला लागले की समजा आवाज खरवडला जातोय. तिथून मागे या.
इन्व्हर्टरची गुणगुण वेगळी. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून ती 50, 100, 150 अशा ठरावीक जागी बसते. तिथे नॉच फिल्टरने अरुंद खाच मारली तर बोलण्याला फारसं कळत नाही. पुढच्या वेळी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, बऱ्याचदा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

कोरेगावकर_वहिनी
मी ऑडिओबुकांचं वाचन करते, त्यामुळे थोडी दुसरी बाजू. आमच्याकडे साफ म्हणजे साफच लागतं. परदेशी ऑडिओबुकांसाठी प्रचलित मोजमाप असं (शून्य म्हणजे फाइलमध्ये मावणारा सर्वांत मोठा आवाज, बाकी सगळं त्याच्या खाली, म्हणून उणे): सरासरी पातळी उणे 23 ते उणे 18 डेसिबलच्या मध्ये, सर्वांत उंच टोक उणे 3 च्या खाली आणि कोणी बोलत नसतानाचा आवाज उणे 60 च्या खाली. शेवटचं सोप्यात जमत नाही. मी कपाट उघडून दोन्ही बाजूंना वाकळा टांगते आणि मध्ये बसते. बाजारात मिळणारे पातळ फोमचे चौकोन फक्त वरचे स्वर शोषतात, खोलीचा घुमा तसाच राहतो. आजीच्या हातची जाड वाकळ त्यापेक्षा चांगली.
म्हणून @येरळाकाठ यांचं मूळ मत मला पूर्ण चूक वाटत नाही. हेडफोनवर तासभर ऐकणाऱ्याला पंखा थकवतो.

तंबोरा
वहिनी, बंद खोलीतल्या वाचनाला तुमचे आकडे बरोबर आहेत. पण सभामंडपातलं भजन म्हणजे वाचन नव्हे. त्यातला दगडी भिंतींचा घुमा काढला तर ते देऊळ राहत नाही.

कोरेगावकर_वहिनी
मान्य. गप्पांना माझे नियम, गाण्याला तुमचे.

स्पूलकाका
मी रेडिओसाठी टेपवर काम केलेला माणूस. आता निवृत्त, साताऱ्यात असतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर, म्हणजे खोकला, थांबणं आणि "आं"वर बोलतो.

आमच्या काळी कट म्हणजे खरंच कट असायचा. टेप सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे 19 सेंटिमीटर सरकायची. रीळ हाताने पुढे-मागे फिरवून अक्षराची सुरुवात कानाने शोधायची, टेपच्या पाठीवर पेन्सिलीने खूण करायची, ठोकळ्याच्या तिरप्या खाचेतून ब्लेड ओढायचं आणि मागून चिकटपट्टी लावायची. खाच तिरपी का? तर एक आवाज संपता संपता दुसरा सुरू व्हावा, टक असा फटका येऊ नये म्हणून. आज तुम्ही क्रॉसफेड म्हणता ते हेच. कापलेला तुकडा गळ्यात अडकवून ठेवायचो, कारण निर्माते "तो शब्द परत लावा" म्हणायचे. कापणं कष्टाचं होतं म्हणून कमी कापलं जायचं, आणि ते फार बरं होतं.

आता नियम. बोलण्यात कापायचं ते श्वासाच्या आधी. श्वास पुढच्या वाक्याचा असतो, मागच्याचा नाही. श्वास घेतलेला ठेवला आणि वाक्य उडवलं तर ऐकणाऱ्याला कारण कळत नाही पण दचकायला होतं. एका श्वासाला दुसरा श्वास जोडू नका. सगळे श्वास उडवू तर अजिबात नका, ऐकणारा स्वतःच गुदमरतो. फार मोठा वाटला तर 6 डेसिबलने खाली घ्या आणि सोडून द्या.

थांबणं. शहरी निवेदक अडखळला तर "आं" काढा, त्याचं काही बिघडत नाही. पण म्हातारा माणूस आठवत असतो तेव्हा त्याचं थांबणं हेच त्याचं बोलणं असतं. "तवा... आमचा भाऊ व्हता" यातली मधली जागा तुम्ही मिटवलीत तर भाऊ नुसताच माहिती होतो. पाच सेकंदांची जागा तीनवर आणा हवं तर. शून्यावर नको.

येरळाकाठ
काका, हे वाचून मी एक भाग परत उघडलाय. खोकल्याचं काय करू? कापला की तिथे एकदम भोक पडल्यासारखं होतं.

स्पूलकाका
खोकल्याच्या जागी शांतता घालू नका, तिथली हवा घाला. प्रत्येक जागेवर सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसतं रेकॉर्ड करायचं असतं. त्या सोप्याचा, त्या पंख्याचा, त्या वेळचा आवाज. तो तुकडा भोकाला ठिगळ म्हणून वापरायचा. तुमच्याकडे तसा नसेल तर बुवा थांबलेत अशी जागा शोधून तिथून उचला.

विश्रामबाग
जोडताना टक आवाज येतो त्याबद्दल थोडं. लाट मधल्या रेषेवर असताना कापली तर फटका येत नाही, वर-खाली असताना कापली तर येतो. ऑडॅसिटीत निवड करून झेड दाबलं की कडा जवळच्या शून्यावर सरकतात. आणि दोन्ही बाजूंना 5-10 मिलिसेकंदांचा फेड (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) द्या, तेवढा कानाला कळत नाही.

ठोसेघर
आमच्याकडे वारा हाच खलनायक. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगीच नाही लावल्या. माईकवर वारा आदळला की खालचे स्वर फाटतात आणि हाय-पासने फक्त गडगड जाते, फाटलेलं तसंच राहतं. बाहेर रेकॉर्डिंग असेल तर माईकला केसाळ टोपी हवीच. आणि प, भ, फ, ध, घ या अक्षरांची फुंकर माईकवर येऊ नये म्हणून माईक तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, तिरपा. भजनात "विठ्ठल" पेक्षा "पांडुरंग" जास्त आदळतं, ऐकून बघा. 🙂

माणदेशी_पोरगं
आमच्यात रातकिडं. पावसाळ्यात रातच्याला रेकॉर्ड केलं की कायम किर्रर्र.

विश्रामबाग
ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम (कुठल्या कंपनसंख्येला किती आवाज आहे त्याचं चित्र) लावून बघ भावा, किडा सरळ आडव्या रेघेसारखा दिसतो, बहुतेक 4 ते 5 हजार हर्ट्झच्या आसपास. तिथे अरुंद नॉच बसते. मात्र रुंद कापू नको, त्याच्या जरा वर स, श, च, ज यांची सळसळ राहते. ती गेली की बोलणं बोबडं होतं.

गुळवणी
एवढं सगळं कशाला करायचं? आता एआयवाली साधनं आलीत. फाइल टाका, मिनिटात स्टुडिओसारखा आवाज. मी तेच वापरतो.

तंबोरा
बोलण्यासाठी वापरा, काही ठिकाणी फार चांगलं काम करतात. पण ती बहुतेक माणसाच्या बोलण्यावर शिकवलेली आहेत. त्यांना पेटी, टाळ, तंबोरा हे सगळं गोंगाटच वाटतं. ऑनलाइन गाण्याच्या शिकवणीत तंबोरा मध्येच गायब होतो तो याच कारणाने. म्हणून झूममध्ये "ओरिजिनल साउंड" चालू करायला शिक्षक सांगतात.

गुळवणी
हे खरंय, माझ्या मुलीच्या क्लासला तसंच होतं. पण गप्पांना एआय वापरायला हरकत काय?

स्पूलकाका
हरकत एवढीच की कधी कधी ते ऐकू न आलेला शेवटचा वर्ण स्वतःच्या मनाने घालतं. "व्हतं"चं "होतं" झालं तर? ज्या माणसाची बोली जपायला रेकॉर्डिंग केलं, तिथे मूळ फाइल शेजारी ठेवून शब्द-शब्द तपासायची तयारी हवी.

भजनी_ठेका
अभंग लांबला म्हणून मधलं कडवं काढायचं असेल तर त्याबद्दल कोणी बोललं नाही. गाण्यात श्वासावर नाही, समेवर, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर कापायचं. भजनी ठेका आठ मात्रांचा. पखवाजाच्या समेवरून दुसऱ्या समेवर उडी मारली तरच जोड झाकतो. पण आपल्या भजनात लय चढत जाते. पहिलं कडवं आणि गजराच्या आधीचं कडवं यांत मोठा फरक असतो, त्यामुळे लांबची दोन कडवी जोडली तर टाळकरी एकदम पळाल्यासारखे वाटतात. शेजारची कडवीच जोडा. तंबोरा किंवा पेटीचा सूर धरलेला असेल तिथे क्रॉसफेड थोडा लांब, 50-100 मिलिसेकंद.

दोन वेगळ्या दिवसांची रेकॉर्डिंगं तर जोडूच नका. पट्टी तीच, काळी एक म्हणा, पण जुन्या पेट्या एकमेकींशी नेमक्या जुळत नाहीत. जोडावर सूर घसरलेला कोणालाही कळतो.

माझं मत विचाराल तर अभंग कापूच नये. गप्पा कापा. 78 आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच मावायचं, तेव्हा खाँसाहेब अब्दुल करीम खाँसारख्यांना तेवढ्यात राग बसवावा लागे. तुमच्यावर अशी सक्ती नाही. भाग तीस मिनिटांचा झाला तर काय बिघडलं?

येरळाकाठ
@भजनी_ठेका पटलं. पंचवीसचा आग्रह माझाच होता. आणखी एक: फोनचं आणि माईकचं रेकॉर्डिंग दोन्ही आहे. एकत्र वाजवलं की बुवांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा होतो.

विश्रामबाग
दोन माईकपर्यंत आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो. एका मिलिसेकंदात आवाज साधारण 34 सेंटिमीटर जातो. त्या फरकामुळे काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. शिवाय दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात, तासाभरात ट्रॅक सरकतात. एका वेळी एकच वापरा. बोलण्याला जो जवळ होता तो, गाण्याला जो लांब होता तो. पुढच्या वेळी सुरुवातीला आणि शेवटी टाळी वाजवा, जुळवायला खूण मिळते.

आणि कोणत्याही जागी आवाज फाटला असेल, लाटांची डोकी सपाट दिसत असतील, तर ते पूर्ण दुरुस्त होत नाही. गजराला टाळ सुरू झाले की नेहमी तिथेच फाटतं. रेकॉर्ड करताना बोलणं उणे 12 च्या आसपास ठेवा, गजरासाठी जागा राहते. 24 बिट (बारीक आवाजही नीट टिपणारं) रेकॉर्डिंग असेल तर हळू आवाजात रेकॉर्ड केल्याने काही हरवत नाही, नंतर उचलता येतं.

कोरेगावकर_वहिनी
एक काळजीचा मुद्दा. बोलण्याखाली सिनेमातली धून घालू नका. "पंधरा सेकंदांपर्यंत चालतं" असं सगळे सांगतात, तसा कायदा नाही. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं राहतो. संतांचे अभंग सगळ्यांचे, पण एखाद्या संगीतकाराने लावलेली चाल त्याची असते. आणि गाणाऱ्याचाही स्वतःच्या सादरीकरणावर हक्क असतो, म्हणून बुवांची परवानगी लेखी घ्या किंवा निदान रेकॉर्डिंगमध्येच बोलून घ्या.

येरळाकाठ
परवानगी घेतलीये, सगळ्यांची, त्यांच्या घरच्यांसमोर. पेटीही मंडळातल्याच काकांनी वेगळी वाजवून दिलीये. तर आता सुरुवातीला विचारलेला एक प्रश्न उरला: ती बोलण्याखाली किती ठेवू?

स्पूलकाका
सुरुवातीला पूर्ण आवाजात चारपाच सेकंद. मग बुवांच्या पहिल्या शब्दाच्या थोडं आधी खाली उतरवायला सुरुवात करा, शब्दाबरोबर नको. बोलण्यापेक्षा 15 ते 18 डेसिबल खाली. आणि एक मिनिटात पूर्ण काढून टाका. माणूस सांगत असताना खाली काही लागत नाही. अभंग यायच्या आधी परत आणा, म्हणजे कानात पट्टी बसते.

तंबोरा
काकांना दुजोरा. मोबाइलच्या स्पीकरवरही ऐकून बघा. आपले श्रोते ट्रॅक्टरवर, गोठ्यात ऐकणारे. हेडफोनवर छान वाटणारी पेटी तिथे शब्द खाते.

विश्रामबाग
एकूण लेव्हल: बोलण्याच्या कार्यक्रमाला स्टिरिओत उणे 16 एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप), मोनोत उणे 19, आणि टोक उणे 1 च्या वर नको. ऑडॅसिटीत "लाउडनेस नॉर्मलायझेशन" आहे. पण बोलणं आणि गजर वेगवेगळे मोजून एकाच पातळीला आणू नका. भजन बोलण्यापेक्षा मोठंच असतं, तसं राहू दे.

येरळाकाठ
ठरवलं ते लिहिते. गप्पांना 6 डेसिबलचं हलकं रिडक्शन, 80 चा हाय-पास, 50 आणि 100 वर नॉच. थांबणं तसंच, खोकल्याला सोप्याची हवा. अभंग पूर्ण, न कापता, फक्त लेव्हल. फोनचा ट्रॅक गप्पांना, माईकचा गाण्याला. "बाकी सगळं काढून टाका" हे माझं मत मी मागे घेते.
पहिल्या भागाचा मसुदा इथे ऐकायला देऊ का? व्हॉट्सअॅपवर पाठवला तर चालेल?

भजनी_ठेका
जरूर द्या. गजराची जागा मी ऐकतो.

विश्रामबाग
व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर परत दाबला जाण्याची शक्यता असते. तपासायला वेव्हच (न दाबलेली फाइल) द्या. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, मोनो म्हणजे मिनिटाला साडेआठ एमबीच्या वर जाते, तीस मिनिटांचे अडीचशेच्या पुढे. जड वाटलं तर फ्लॅक करा, त्यात काही हरवत नाही. एमपीथ्री सगळ्यात शेवटी, एकदाच, 128 केबीपीएसवर. एमपीथ्री उघडून परत एमपीथ्री करू नका.

माणदेशी_पोरगं
ताई, गजर झाल्याव पंख्याचा आवाज ऱ्हाऊ द्या थोडा. आमाला बी कळू दे एप्रिल व्हता ते.